अंगणातल्या आंब्यावरची आमरी

सत्कार-समारंभाच्या पुष्पगुच्छात जांभळ्या-पांढऱ्या फुलांची एक लांब दांडी हमखास असते. शाखेचा वर्धापनदिन असो की सेवानिवृत्तीचा निरोप, चकचकीत कागदात गुंडाळलेला तो गुच्छ टाळ्यांच्या गजरात हातात पडतो आणि सायंकाळी घरच्या टेबलावर विसावतो. दोन-तीन दिवसांत गुलाब मान टाकतात. ती दांडी मात्र पेलाभर पाण्यात आठवडा-पंधरवडा तशीच टवटवीत राहते. ते ऑर्किड होय. बहुधा 'सोनिया' या व्यापारी नावाने परिचित असलेला डेंड्रोबियमचा संकर. मराठीत या कुळास 'आमरी' असा छोटा, गोड शब्द आहे; तो फारसा वापरला जात नाही, ही निराळी खंत.

या फुलाविषयी लहान शहरांतून दोन समज रूढ आहेत. ते परदेशी आहे, हा पहिला. आणि ते घरी वाढविणे केवळ श्रीमंतांच्या काचगृहात शक्य आहे, हा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत. भारतात आमरीच्या सुमारे साडेबाराशे जातींची नोंद झालेली आहे. त्यांपैकी कित्येक दगडी पठारांवर, पानझडी रानांत आणि गावकुसाबाहेरच्या आमरायांत कोणाच्याही मदतीवाचून पिढ्यान् पिढ्या फुलत आल्या आहेत. प्रश्न आमरी नाजूक आहे की चिवट, हा नाहीच. कोणत्या गावी कोणती आमरी लावायची आणि ती कोठून आणायची, हा खरा प्रश्न आहे. सिहोऱ्यासारख्या गावाच्या निमित्ताने तो तपासून पाहण्याजोगा आहे.

हे सिहोरा म्हणजे भंडारा जिल्ह्यातील तुमसरजवळचे नव्हे, तर जबलपूर जिल्ह्यातील, जबलपूर-कटनी लोहमार्गावरचे. (१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होईपर्यंत या दोन्ही सिहोऱ्यांची राजधानी नागपूरच होती, हे जुन्या पिढीतील वाचकांना सांगावयास नको.) येथील हवामान टोकाचे आहे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना टेकतो, दुपारभर लू वाहते आणि अंगणातील तुळससुद्धा सायंकाळपर्यंत माना टाकते. मग जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत हवा ओलीचिंब होते. जानेवारीच्या पहाटे तापमान नऊ-दहा अंशांच्याही खाली उतरते. एकाच वर्षात भट्टी, पाणवठा आणि शीतगृह असे तीन अनुभव घेणाऱ्या या गावात कोणती वनस्पती 'कमी देखभालीची' ठरेल, हे बाजारातील चिठ्ठी पाहून ठरविता येत नाही.

बाजारातील चिठ्ठी बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिसची असते. पतंगाच्या पंखांसारख्या रुंद पाकळ्या, कमानीसारखा वाकलेला दांडा आणि दोन-दोन, तीन-तीन महिने टिकणारा बहर यांमुळे तिने जगभरच्या खिडक्या जिंकल्या आहेत, आणि ते यश तिला शोभणारे आहे. 'नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी आमरी' असे तिचे वर्णन पुस्तकांतून आढळते. ते वर्णन लिहिले गेले ते मात्र अशा घरांसाठी, जेथे हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवल्या जातात आणि उन्हाळा सौम्य असतो. अठरा ते तीस अंशांच्या दरम्यान तिचे जग सामावलेले आहे. सिहोऱ्याच्या व्हरांड्यात मे महिन्यातील एक आठवडा तिच्या पानांची चामडी करून टाकतो, आणि जानेवारीतील थंडीत तिची वाढ खुंटते. ती येथे जगूच शकत नाही असे नाही. घरातील पूर्वेकडची खिडकी आणि उन्हाळ्यात कूलरची ओली हवा तिला मानवते. किंबहुना वातानुकूलन यंत्राच्या कोरड्या गारव्यापेक्षा वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर तिच्या दृष्टीने कितीतरी चांगला. परंतु एवढी बडदास्त ठेवावी लागणाऱ्या झाडास 'सोपे' म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. परिणाम ठरलेला असतो: फुले असेपर्यंत कुंडी दिवाणखान्यात, फुले गळाल्यावर न्हाणीघराच्या कोपऱ्यात आणि वर्षाच्या आत उकिरड्यावर. काही शे रुपयांचा हा पुष्पगुच्छच झाला, फक्त कुंडीतला.

वस्तुतः सिहोऱ्याच्या हवामानाशी करार करून बसलेली आमरी या भागात पूर्वापार आहे. तिचे नाव वंदा. शास्त्रीय नाव वंदा टेसेलाटा. मध्य भारतातील आंबा, मोह, जांभूळ अशा जुन्या, खरबरीत सालीच्या झाडांवर ती आढळते. विदर्भातील रानांतही तिचा वावर आहे. लांब, जाड, पन्हळीसारखी पाने दोन ओळींत एकमेकांसमोर मांडलेली, आणि त्यांच्या बेचक्यांतून निघून हवेत लोंबणारी किंवा फांदीला बिलगलेली करड्या रंगाची मुळे. उन्हाळा सरता सरता तिला दांडा येतो. त्यावर पाच-दहा फुले. पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेषांची चौकटीचौकटींची नक्षी आणि मध्यभागी निळसर-जांभळी जीभ. 'टेसेलाटा' म्हणजे फरसबंदीसारख्या चौकटी असलेली. फूल फॅलेनॉप्सिसएवढे दिमाखदार नाही, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. मात्र फॅलेनॉप्सिसच्या बहुसंख्य संकरांना नसलेली एक गोष्ट तिच्यापाशी आहे, ती म्हणजे सुगंध.

तिच्या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. 'वंदा' हा मूळ संस्कृत शब्द. झाडावर वाढणाऱ्या झाडाला उद्देशून तो वापरला जाई. कोलकात्यास एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या वनस्पतीचे वर्णन करताना हा देशी शब्द तसाच ठेवला, आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी तो संपूर्ण वंशाचे शास्त्रीय नाव म्हणून रूढ केला. आज थायलंडपासून फ्लोरिडापर्यंत ज्या शेकडो झगमगीत वंदा विकल्या जातात, त्यांच्या वंशाचे बारसे या साध्यासुध्या, मोहाच्या झाडावरच्या आमरीवरून झालेले आहे. तिच्या मूळ गावी मात्र तिला कोणी ओळखत नाही.

ओळखतात ते चुकीच्या नावाने. झाडावर वाढते म्हणजे बांडगूळ, असा सरसकट निष्कर्ष काढला जातो आणि आमराईची साफसफाई करताना कोयत्याच्या एका घावासरशी वंदा खाली येते. हिंदी मुलुखात तर दोहोंना 'बांदा' हे एकच नाव असल्याने गैरसमजास भाषेचाही हातभार लागतो. बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत खुपसून झाडाचा रस शोषते. त्याचा बंदोबस्त करणे योग्यच होय. वंदा ही अपिवनस्पती आहे. तिला झाडाचा केवळ आधार हवा असतो, अन्न नव्हे. तिची मुळे सालीवरून सरकतात, सालीत शिरत नाहीत. पावसाचे पाणी, धूळ आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याचा अंश यांवर तिचे भागते. भाडेकरू आणि दरोडेखोर यांत जेवढा फरक, तेवढाच या दोहोंत. आमराईच्या मालकाने कोयता उचलण्यापूर्वी एवढा फरक पाहिला तरी पुष्कळ होईल. ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे: जिची मुळे बाहेर हवेत दिसतात, ती आमरी.

या मुळांतच तिच्या चिवटपणाचे रहस्य आहे. मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडताच ते काही क्षणांत पाणी टिपून घेते आणि मग आतील हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. पाणी संपले की मूळ पुन्हा चंदेरी-करडे होते. पानांचीही एक युक्ती आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील रंध्रे उघडतात आणि उन्हाबरोबर पाणी गमावून बसतात. वंदासारख्या जाड पानांच्या आमऱ्या ती रात्री उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन त्यावर अन्न तयार करतात. निवडुंगाचीही हीच रीत. सिहोऱ्याच्या वैशाखात ही वनस्पती का तग धरते, याचे उत्तर एवढ्यात आले.

आता देखभालीविषयी. आमरी दुर्लक्षाने जेवढी मरते त्याहून कितीतरी अधिक लाडाने मरते. याला इतिहासाचीही साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये उष्ण प्रदेशांतून हजारो आमऱ्या नेल्या गेल्या आणि 'या जंगलातल्या, म्हणजे यांना उकाडा हवा' अशा समजुतीने कोंदट, वाफाळलेल्या काचगृहांत बंद केल्या गेल्या. बहुतेक गुदमरून मेल्या. चॅट्सवर्थ येथील बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी हवा खेळती ठेवली, प्रत्येक जातीस तिच्या मूळ प्रदेशाप्रमाणे निरनिराळे तापमान दिले, तेव्हा कोठे त्या जगू लागल्या. कुंडीभर काळी माती आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी हे आजच्या घराघरांतील त्या काचगृहाचेच धाकटे भावंड आहे.

वंदास माती नको, ही पहिली गोष्ट. लाकडी पट्ट्यांची टांगती टोपली, तीत लोणारी कोळशाचे आणि विटांचे चार मोठे तुकडे, एवढे तिला पुरे. त्याहूनही उत्तम म्हणजे अंगणातील आंबा किंवा जांभूळ. पेरू व निलगिरी ही झाडे आपली साल टाकीत असल्याने उपयोगी नाहीत. मुळे धरतात न धरतात तोच साल गळून पडते. पाण्याचे वेळापत्रक भिंतीवर टांगण्याची गरज नाही, मुळांकडे पाहावे. चंदेरी असतील तर पाणी द्यावे, हिरवी असतील तर थांबावे. या एका नियमात अर्धी शेती आली. टांगत्या टोपलीला मे महिन्यात सकाळी आणि सूर्यास्तानंतर असे दोनदा फवारणे लागेल. पावसाळ्यात, दोन-चार दिवसांची उघडीप सोडता, काहीच नको. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी एकदा, तेही ऊन वर आल्यावर, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात पानांच्या बेचक्यांत पाणी साचून राहत नाही आणि कूज टळते.

पाण्याची जातही पाहावी. शेजारच्या कटनीचे नाव चुन्यासाठी देशभर घेतले जाते. या पट्ट्यातील कूपनलिकांच्या पाण्यात क्षार असणारच. बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारे पाणी मुळांवरही तोच थर धरते. गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात साठविले तर आमरीपुरते ते बरेच महिने पुरते. खत द्यावयाचे ते पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे, विद्राव्य खत डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाईने, पंधरवड्यातून एकदा. हिवाळ्यात अजिबात नाही. उन्हाविषयी एवढेच की सकाळचे कोवळे ऊन जितके मिळेल तितके चांगले. दुपारी पानोळ्याची किंवा हिरव्या जाळीची सावली हवी. पाने गर्द हिरवी आणि लुसलुशीत दिसू लागली की मालक सुखावतो, परंतु ते प्रकाश कमी पडत असल्याचे लक्षण आहे. अशा झाडाला फुले येत नाहीत. किंचित पिवळसर छटा असलेली, ताठ पाने असलेले झाड फुलते. खवले कीड दिसल्यास साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या फडक्याने पाने पुसावीत. गोगलगायी मात्र रात्री बॅटरी घेऊनच शोधाव्या लागतात.

येथवर सर्व सोपे आहे. अवघड आहे तो दुसरा प्रश्न: रोप आणावे कोठून? आणि येथेच हौशी माणसाच्या सद्भावनेची कसोटी लागते. वंदा रानात आहे हे कळल्यावर पहिला विचार रानात जाऊन ती आणण्याचाच येतो. एखाद्या ओळखीच्या माणसास दोन-चारशे रुपये दिले तर तो चार झुपके काढून आणतो. त्याला रोजगार मिळतो, मालकाला रोप मिळते, नुकसान कोणाचेच दिसत नाही. परंतु आमरीचा हिशेब निराळा आहे. तिच्या एका बोंडात धुळीसारखी हजारो बीजे असतात, पण त्या बीजांत पुढच्या वाटचालीची शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बीज रुजते. हजारोंतून एखादेच फांदीवर टिकते आणि त्याला फूल यावयास कित्येक वर्षे लागतात. आवर्ती ठेवीच्या भाषेत सांगायचे तर हप्ते लहान, मुदत दीर्घ आणि मध्येच मोडल्यास हाती शून्य. शिवाय रानातून ओरबाडलेल्या झुपक्याची मुळे तुटलेली असतात. त्यांतील फार थोडे झुपके नव्या जागी जगतात.

ही भीती काल्पनिक नाही. १८५० मध्ये जोसेफ डाल्टन हूकर खासी टेकड्यांत होते. निळ्या वंदाच्या हव्यासापायी गोळा करणाऱ्यांनी रान कसे ओरबाडले आणि वाटांवर आमऱ्यांचे कुजके ढीग कसे पडले होते, याचे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे; खुद्द त्यांच्या माणसांनीही भारेच्या भारे काढले होते. तीच निळी वंदा पुढे इतकी दुर्मीळ झाली की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींसाठी जे नवे प्रकरण घातले गेले, त्याच्या यादीत तिचे नाव आले. औषधी बाजारात सालमपंजा म्हणून विकले जाणारे कंदही हिमालयातील एका आमरीचेच, आणि त्यांचीही अवस्था अशीच झाली. सिहोऱ्याची वंदा आज त्या यादीत नाही. म्हणून ती बिनधास्त काढावी, असा अर्थ कोणी काढू नये. राखीव वनातून कोणतीही वनस्पती परवानगीवाचून आणणे गुन्हाच आहे, आणि संपूर्ण आमरी कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे. पण कायद्याचे भय हे येथे दुय्यम कारण मानावे. ज्या झाडाचे मोठेपण त्याच्या स्थानिकपणात आहे, ते त्याच्या स्थानावरून उचलून आणण्यात हौसेचाच पराभव होतो.

मग मार्ग कोणता? सरळ मार्ग रोपवाटिकेचा. लुइस नूडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये दाखवून दिले की साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर आमरीचे बीज बुरशीवाचूनही रुजविता येते. त्यानंतर बाटलीत आमरी वाढविणे ही प्रयोगशाळांची नित्याची बाब झाली. बाजारातील स्वस्त फॅलेनॉप्सिस हे त्याचेच फळ. पण या तंत्राचा लाभ परदेशी संकरांना मिळाला तेवढा देशी जातींना मिळाला नाही. रोपवाटिकांत रंगीबेरंगी वंदा संकर सहज मिळतात; वंदा टेसेलाटा मागितली तर विक्रेता विचारात पडतो, किंवा 'मागवून देतो' म्हणतो. मागवून म्हणजे कोठून, हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्य आहे. कोवळी, एकसारख्या उंचीची, डाग नसलेली पाने आणि कुंडीत किंवा जाळीच्या वाटीत वाढलेली अखंड मुळे असतील तर रोप बाटलीतले. पाने फाटकी, वयाने थोर आणि मुळे छाटलेली असतील तर ते रानातले, आणि ते नाकारावे.

सिहोऱ्यापासून जबलपूर दूर नाही. तेथे १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थाही आहे. ऊतिसंवर्धनाचे ज्ञान दारात असताना या परिसराची स्वतःची आमरी रोपांच्या रूपाने दर पावसाळ्यात सामान्य माणसास माफक किमतीत मिळावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. सागाची, बांबूची, फळझाडांची रोपे वाटली जातात. त्यांत वंदाची भर पडावी. आज रानातून झुपके काढून विकणाऱ्या माणसाचा रोजगार बुडवून त्याला उपदेश करण्यापेक्षा बाटलीतील कोवळी रोपे कोळशावर वाढवून विकण्याचे काम त्याच्याच बचत गटास द्यावे. रान त्याला अधिक माहीत आहे. फांदीची कोणती बाजू मुळांना मानवते हे प्रयोगशाळेला त्याच्याकडूनच शिकावे लागेल.

रोपांचा आणखी एक साठा आहे, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. रस्ते रुंद होतात, वसाहती उठतात, वादळात जुने वृक्ष कोसळतात. रीतसर परवानगीने तोडलेल्या मोहाचे किंवा आंब्याचे लाकूड मोजले जाते, त्याचा लिलाव होतो. त्याच्या फांद्यांवरील आमऱ्या मात्र पालापाचोळ्याबरोबर जाळल्या जातात. तोडीच्या आदेशातच अशा आमऱ्या अलगद काढून जवळच्या शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या आवारातील झाडांवर बांधाव्यात, अशी एक ओळ घालता येईल. यासाठी निधी लागत नाही. एक शिडी, सुतळीचे बंडल आणि वृक्ष पडण्याच्या दिवशी हजर राहणारे दोन शिक्षक एवढे पुरते. वृक्षारोपणाचे फोटो दर जुलैत निघतातच, त्यांत एखादा फोटो याचाही निघावा. अशा सार्वजनिक झाडावरील आमरीला पाणी कोण घालणार, ही शंका निघेल. पहिला पावसाळा लाभला तर कोणीही घालावयाची गरज राहत नाही, हीच तर या झाडाची ख्याती.

बांधण्याचा मुहूर्त जूनअखेरचा, पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावरचा. जागा खोडाच्या पूर्वेची वा उत्तरेची, माणसाच्या उंचीहून थोडी वर, म्हणजे शेळ्या आणि येणारे-जाणारे दोघांपासून बचाव होतो. मुळांखाली नारळाच्या काथ्याचा पातळ थर द्यावा आणि सुती दोरीने किंवा जुन्या धोतराच्या पट्टीने घट्ट बांधावे. प्लास्टिकची दोरी सालीत रुतते. झाड हलले तर नवी मुळे सालीला चिकटत नाहीत, म्हणून सारा जोर बांधण्यावर द्यावा. आंब्याला मोहोर येतो तेव्हा तुडतुड्यांसाठी फवारणी होते. त्या दिवशी आमरीवर एक ओले पोते टाकावे आणि सायंकाळी काढून घ्यावे. दिवाळीच्या सुमारास मुळे फांदीवर बोटभर पसरलेली दिसली की दोरी सोडली तरी चालते. न सोडली तरी ती यथावकाश कुजून पडते. पहिल्या वैशाखात दांडा येईलच असे नाही. बहुधा येत नाही.